बायबलाचा उगम इजिप्तमध्ये? वाचकांच्या शंका आणि उत्तरे

इस्राएल लोकांना इजिप्तमधून बाहेर नेणारा बायबलातला मोशे म्हणजे फारो (इजिप्तचा राजा) अखेनातेन, दहा आज्ञा म्हणजे इजिप्तच्या 'मृतांच्या ग्रंथा'ची नक्कल, 'आमेन' म्हणजे आमोन देवाचे नाव. अशा आशयाचे व्हिडिओ सध्या सांगली-सातारा भागात मोबाइलवरून खूप फिरत आहेत. त्यावरून आलेली पत्रे या महिन्याच्या सदरात एकत्र घेतली आहेत. काही पत्रांत दुखावलेपण आहे, काहींत 'बघा, सगळे उसनेच निघाले' असा आनंद आहे. पुरावा मात्र दोघांपुढे एकच ठेवावा लागतो. हिब्रू पवित्र शास्त्र म्हणजे ख्रिस्ती बायबलातला 'जुना करार'. खालचे वचनांचे क्रमांक त्यातलेच आहेत. मराठी बायबल हाताशी घेऊन वाचल्यास प्रत्येक गोष्ट पडताळता येईल.

प्रश्न : मोशे हाच फारो अखेनातेन होता आणि फ्रॉइडनेही तसेच लिहिले आहे, असे व्हिडिओत सांगतात. खरे का? (एक वाचक, मिरज)

मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड याने तसे लिहिलेले नाही. १९३९ साली त्याने मांडले ते असे: मोशे हा अखेनातेनच्या धर्माचा अनुयायी असलेला कोणी इजिप्शियन सरदार असावा आणि राजाच्या मृत्यूनंतर त्याने तो धर्म हिब्रू लोकांना दिला असावा. मोशे आणि अखेनातेन ही एकच व्यक्ती होती, हा दावा अहमद उस्मान यांनी १९९० साली केला. हे दोन वेगळे दावे आहेत. व्हिडिओवाले फ्रॉइडचे नाव घेतात आणि दावा उस्मान यांचा सांगतात.

ही कल्पना सुचण्यासारखी होती, हे आधी मान्य करू. अखेनातेनने (राज्यकाळ सुमारे इ.स.पू. १३५३ ते १३३६) आमोनची उपासना बंद पाडली, सूर्यबिंबरूपी आतेन हा एकच देव ठेवला आणि थीब्ज सोडून आज अमार्ना म्हणतात तिथे नवी राजधानी वसवली. तो गेल्यावर पुढच्या राजांनी त्याचे नाव शिलालेखांतून छिन्नीने तासून काढले. एकच देव मानणारा आणि स्वतःच्याच देशात नकोसा झालेला राजा म्हटल्यावर मोशेची आठवण होणारच. 'मोशे' हे नावही बहुधा इजिप्शियन आहे. थुतमोसे, रामेसेस या नावांत जो 'जन्मलेला' असा अर्थ देणारा भाग येतो, तोच हा, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पण नाव परदेशी म्हणून माणूस परदेशी ठरत नाही. बायबलातल्या दानीएलालाही बाबेलच्या दरबारात बाबेली नाव दिलेले आहे.

दावा अडतो तो तीन ठिकाणी. पहिले ठिकाण म्हणजे देह. राजांच्या खोऱ्यातल्या ५५ क्रमांकाच्या थडग्यात १९०७ साली एक सांगाडा सापडला. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या डीएनए तपासणीत तो तुतनखामेनच्या वडिलांचा ठरला आणि बहुतेक इजिप्ततज्ज्ञ तो अखेनातेनचाच मानतात. सिनाईत निघून गेलेल्या माणसाचा देह थीब्जच्या राजथडग्यात कसा, याचे उत्तर द्यावे लागते. दुसरे ठिकाण म्हणजे धर्माचे स्वरूप. अमार्नाच्या भिंतींवर आतेन कोरलेला आहे: वर सूर्याची तबकडी, खाली उतरणारे किरण, प्रत्येक किरणाच्या टोकाला माणसाचा हात, आणि त्यातले काही हात राजा-राणीच्या नाकाशी जीवनचिन्ह धरतात. प्रजेने राजघराण्याकडे पाहायचे आणि राजाने देवाकडे, अशी ती व्यवस्था होती. मोशेच्या धर्मात देवाची प्रतिमा निषिद्ध आहे, राजा नाहीच, आणि नियमशास्त्र हा त्याचा कणा आहे. अमार्नात नियमशास्त्र कुठेच दिसत नाही. तिसरे ठिकाण म्हणजे मधला काळ. आतेनपूजा राजाबरोबरच संपली. ती पुढे कोणी, कुठे, कशी जपली याचा एकही दुवा मिळालेला नाही.

या कल्पनेचे मूळ फार जुने आहे, हे मात्र वाचकांनी जाणून घ्यावे. इ.स.पू. तिसऱ्या शतकातल्या मनेथो नावाच्या इजिप्शियन पुरोहिताने ओसारसेफ नावाच्या हेलिओपोलिसच्या पुजाऱ्याची कथा लिहिली होती. त्याने कुष्ठरोग्यांना हाताशी धरून बंड केले, देवमूर्ती फोडायला लावल्या आणि पुढे 'मोशे' असे नाव घेतले, असे तीत आहे. मनेथोचा मूळ ग्रंथ हरवला आहे. ही कथा पहिल्या शतकातल्या योसेफस या यहुदी इतिहासकाराने खोडून काढण्यासाठी उद्धृत केली, म्हणून ती उरली. यान आस्मान या जर्मन इजिप्ततज्ज्ञाने तिच्यात अमार्ना काळाच्या दडपलेल्या आठवणीचा अंश पाहिला. हे मत विचार करण्यासारखे आहे. पण ते इजिप्तच्या लोकांनी काय लक्षात ठेवले याविषयी आहे. हिब्रू शास्त्र कुठून आले, हा त्याचा विषय नाही.

प्रश्न : मग योसेफ म्हणजे युया, हे तरी? (तेच वाचक)

योसेफ हा बायबलातला, इजिप्तमध्ये फारोचा मंत्री झालेला इस्राएली पूर्वज. युया हा अखेनातेनचा आजोबा, राणी तिये हिचा बाप. त्याचे थडगे १९०५ साली सापडले आणि त्याची ममी उत्तम स्थितीत मिळाली. निर्गम १३:१९ सांगते की मोशेने योसेफाच्या अस्थी बरोबर नेल्या. युया आजही इजिप्तमध्येच आहे.

प्रश्न : इस्राएल लोक इजिप्तमध्ये होते, याचा इजिप्तच्या बाजूने काही पुरावा आहे का? (एक निवृत्त शिक्षक, विटा)

ते इजिप्तमध्ये राहत होते असे सांगणारा थेट इजिप्शियन लेख नाही. इस्राएलचा उल्लेख असलेला एक लेख मात्र नक्की आहे. १८९६ साली फ्लिंडर्स पेट्री यांना थीब्जजवळ फारो मेर्नेप्ताहचा विजयस्तंभ सापडला. काळ सुमारे इ.स.पू. १२०८. काळ्या ग्रॅनाइटची तीन मीटरहून उंच शिळा, २८ ओळींचा लेख, त्यातल्या शेवटून दुसऱ्या ओळीत इस्राएल. चित्रलिपीत प्रत्येक नावामागे अर्थाचा वर्ग सांगणारे एक मूक चिन्ह असते. अश्कलोन, गेजेर, यानोआम या नावांमागे तीन डोंगरांचे, म्हणजे 'परमुलूख' असे चिन्ह आहे. इस्राएलमागे मात्र बसलेला पुरुष, बसलेली स्त्री आणि खाली अनेकवचनाच्या तीन रेघा आहेत. म्हणजे कोरणाऱ्याच्या लेखी ती लोकांची जमात होती, शहर-राज्य नव्हे. आणि ती तेव्हा कनानात, म्हणजे आजच्या इस्राएल-पॅलेस्टाइनच्या मुलखात होती.

सहा लाख पुरुषांच्या (निर्गम १२:३७) प्रवासाच्या खुणा सिनाईच्या वाळवंटात आढळत नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवे. लहान गटाची आठवण पुढे सगळ्या राष्ट्राची झाली असावी, असे आज अनेक अभ्यासक मानतात.

प्रश्न : स्तोत्र १०४ हे अखेनातेनच्या सूर्यस्तोत्राचे भाषांतर आहे का? दोन्ही शेजारी ठेवून वर्गात दाखवायचे आहे. (एक शिक्षिका, कराड)

भाषांतर नाही. नाते मात्र आहे. वर्गात दाखवताना पूर्ण स्तोत्र दाखवा, निवडक ओळी नकोत.

आतेनचे महास्तोत्र अमार्नाच्या दक्षिणेकडील आय या अधिकाऱ्याच्या थडग्यात १३ उभ्या रकान्यांत कोरलेले आहे. त्याचा क्रम असा: सूर्य मावळतो, जग मेल्यासारखे होते, सिंह गुहेबाहेर येतात, साप दंश करतात. सूर्य उगवतो, माणसे उठतात, अंग धुतात, कामाला लागतात. गुरे चरतात, पक्षी उडतात. नावा वर-खाली जातात, मासे उसळतात. मग गर्भातले मूल, अंड्यातले पिलू. आणि मग 'तुझी कामे किती अनेक' असा उद्गार.

स्तोत्र १०४ ची वचने ३५. त्यांतली २० ते ३० एवढीच या क्रमाशी जुळतात. रात्र आणि सिंह (२०-२१), उजाडल्यावर माणूस कामाला (२२-२३), 'तुझी कृत्ये किती विविध' (२४), समुद्र आणि गलबते (२५-२६), सगळे तुझ्याकडे अन्नासाठी पाहतात आणि तू तोंड लपवलेस की मरतात (२७-२९). इथे एक बारकावा आहे. उद्गाराची ओळ अखेनातेनकडे नावांच्या नंतर येते, स्तोत्रात आधी. शब्दशः भाषांतरात असा क्रम सहसा बदलत नाही.

उरलेली सुमारे दोन तृतीयांश वचने बघा. ढगांचा रथ, गर्जना, पर्वतांवर चढलेले पाणी, लबानोनचे गंधसरू, रानबकऱ्या. हा पावसावर जगणाऱ्या डोंगराळ मुलखाचा वादळी देव आहे, नाईलकाठचा सूर्य नव्हे. अखेनातेनकडे सिंह रात्री बाहेर पडतात हे भय आहे, कारण तेव्हा देव गेलेला असतो. स्तोत्रात तेच सिंह देवाकडे अन्न मागतात. रात्रही त्याचीच. आणि १९ व्या वचनात सूर्य स्वतः आज्ञा पाळणारा आहे. एवढा एक फरक मुलांना नीट कळला तरी तास सार्थकी लागेल.

नाते कोणत्या वाटेने आले असेल? दोन वाटा दिसतात. एक म्हणजे, या कल्पना अखेनातेनच्या एकट्याच्या नाहीत. आमोन-रेच्या एका जुन्या स्तोत्रात, जे आज कैरोत पपायरसवर (लव्हाळ्याच्या कागदावर) आहे, अंड्यातल्या जिवाला जगवणारा देव अमार्नाच्या आधीच येतो. म्हणजे आतेनपूजा बुडाली तरी सूर्यस्तोत्रांची परंपरा चालूच राहिली. दुसरी वाट म्हणजे कनानी राजांचा फारोशी झालेला पत्रव्यवहार. अमार्नाला १८८७ साली सुमारे ३८० मातीच्या वीटपट्ट्यांचा संग्रह मिळाला. त्यातल्या १४७ क्रमांकाच्या पत्रात सोर शहराचा राजा अबिमिल्कु फारोची स्तुती करतो: तू रोज देशांवर उगवणारा सूर्य, तुझ्या गोड श्वासाने जीव येतो, आणि तू आकाशात वादळदेवासारखा गर्जतोस तेव्हा भूमी थरथरते. सूर्य आणि वादळ यांचे हेच मिश्रण स्तोत्र १०४ मध्ये आहे, आणि ते फिनिकेच्या किनाऱ्यावर कित्येक शतके आधी तयार झालेले दिसते.

प्रश्न : नीतिसूत्रांमध्ये 'मेर सारू नको' आहे आणि इजिप्शियन पोथीतही आहे, म्हणून नक्कल, असे म्हणतात. पण बांध कोरू नये हे आमच्याकडेही पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. त्यासाठी इजिप्त कशाला? (एक शेतकरी वाचक, तासगाव)

तुमची हरकत अगदी रास्त आहे. बांधाच्या एका वचनावरून काहीच सिद्ध होत नाही. जिथे शेती आणि शेजारी आहेत तिथे ही शिकवण आहे. अनुवाद १९:१४ मध्येही ती आहे आणि तिचे मूळ कोणी इजिप्तमध्ये शोधत नाही. तरीही नीतिसूत्रे २२:१७ ते २३:११ हा भाग इजिप्तच्या पोथीशी जोडलेला आहे, हे या साऱ्या विषयातले सर्वांत भक्कम विधान आहे. कारणे बांधाच्या पलीकडची आहेत.

पोथी आमेनेमोपे नावाच्या अधिकाऱ्याने मुलाला केलेल्या उपदेशाची. सुरुवातीला तो आपले काम सांगतो: धान्याची मापे सांभाळणे, नाईलच्या पुराने नव्याने पडलेल्या मळीच्या जमिनीची राजाच्या नावे नोंद करणे, शेतांच्या हद्दींच्या खुणा दप्तरात लिहिणे. थोडक्यात, महसूल खात्याचा माणूस. बांधाविषयी तो पोटतिडकीने बोलतो याचे नवल नाही. वॉलिस बज यांनी १८८८ साली थीब्जहून हा पपायरस लंडनच्या ब्रिटिश म्युझियमसाठी घेतला. १९२३ मध्ये तो छापून आला आणि पुढच्याच वर्षी आडोल्फ एर्मान यांनी नीतिसूत्रांशी असलेले साम्य दाखवले.

आता जुळणी. आमेनेमोपेची पहिली शिकवण: कान दे, मन लाव, हे शब्द पोटाच्या पेटीत ठेव म्हणजे ते जिभेला आधाराची खुंटी होतील. नीतिसूत्रे २२:१७-१८: कान दे, मन लाव, हे पोटात ठेव, ओठांवर तयार असू दे. हिब्रूत शब्द 'पोट' असाच आहे. पुष्कळ भाषांतरांत त्याचे 'अंतःकरण' होते आणि साम्य नजरेतून सुटते. पुढे गरिबाला लुबाडू नको (२२:२२, पोथीत दुसरा अध्याय), तापट माणसाशी मैत्री नको (२२:२४, नववा अध्याय), मेर सारू नको (२३:१०, पोथीत सहाव्या अध्यायात विधवेची हद्द, इथे पोरक्यांची शेते), आपल्या कामात निष्णात असलेल्याला राजांपुढे स्थान मिळते (२२:२९, तिसावा अध्याय), मोठ्याच्या पंगतीत जपून जेव (२३:१, तेविसावा). आणि सर्वांत बोलके: संपत्तीला पंख फुटतात आणि ती आकाशात उडून जाते (२३:५). पोथीच्या सातव्या अध्यायात हेच आहे, फक्त तिथे उडतात ती हंसासारखी पाणपाखरे आणि इथे गरुड. नाईलच्या दलदलीतला पक्षी यहूदाच्या, म्हणजे यरुशलेमभोवतालच्या डोंगरात आल्यावर बदलला.

शेवटचा धागा आकड्याचा. पोथीचे अध्याय ३० आणि त्यांना क्रमांक आहेत. नीतिसूत्रे २२:२० मधल्या एका हिब्रू शब्दात पाठभेद आहे. लिहिलेला पाठ 'परवा' असा लागतो आणि तो तिथे बसत नाही. स्वर किंचित बदलले की 'तीस' होते: मी तुझ्यासाठी तीस वचने लिहिली ना?

एवढ्या खुणा २४ वचनांत एकवटणे हा योगायोग नव्हे. २३:१२ पासून साम्य एकदम थांबते, हेही महत्त्वाचे आहे. म्हणजे लेखकासमोर पोथीचा काही भाग, किंवा कोणी पाठ केलेली निवड होती आणि ती त्याने आपल्या पद्धतीने वापरली. उलट दिशेने, हिब्रूतून इजिप्तमध्ये ही शिकवण गेली असावी, असेही काहींनी मांडले. पण पोथीतला एक उतारा लिहिलेले खापर कैरोत आहे आणि ते सुमारे इ.स.पू. १००० चे धरतात, त्यामुळे ती बाजू टिकत नाही.

आणि वाट? यहूदाच्या कारकुनांच्या हिशेबाच्या खापरांवर, विशेषतः अराद आणि कादेश-बर्नेया येथे, अक्षरे हिब्रू आणि आकडे इजिप्तच्या हायरॅटिक लिपीतले आहेत. हायरॅटिक म्हणजे चित्रलिपीचे भरभर लिहायचे रूप, बालबोधीपुढे मोडी असावी तसे. कारकुनाच्या लेखन-फळीसाठी यहेज्केल ९:२ मधला शब्दही इजिप्शियनच आहे. जे कारकून आकडे इजिप्तचे शिकत होते, त्यांनी उपदेशाचे धडेही तिथलेच गिरवले असतील, यात ओढूनताणून काही नाही.

प्रश्न : आमचा वाचनगट अशी तुलना स्वतः करून पाहू इच्छितो. पद्धत सांगा. (एक वाचनगट, सांगली)

एका वेळी एकच जोडी घ्या. वर सांगितलेली २४ वचने आणि आमेनेमोपेचे ३० अध्याय यांना दीड-दीड तासाच्या दोन बैठका पुरतात. आखीव वहीत चार रकाने करा: वचन, पोथीतला अध्याय, काय जुळते, काय वेगळे. सगळी २४ वचने लिहा. ज्यांना जोडी नाही त्यांच्यापुढे रकाना कोरा राहू द्या. उदाहरणार्थ, जामीन राहू नको (२२:२६-२७) याला पोथीत जोडी नाही. नेटवरचे तक्ते फसवे होतात ते इथेच. जुळणाऱ्या ओळी ठेवतात, बाकीच्या गाळतात आणि नव्वद टक्के साम्य दिसते.

'काय जुळते' या रकान्यात चार पायऱ्या वेगळ्या लिहा: नुसता विषय, प्रतिमा, शब्दरचना, क्रम किंवा आकडा. नुसत्या विषयाला वजन देऊ नका. मग तोच विषय हितोपदेशात किंवा चाणक्यनीतीत सापडतो का ते बघा. सापडला तर ती ओळ खोडा. बांधाचे आणि तापट मित्राचे वचन इथे गळेल. पंख फुटलेली संपत्ती, पोटातले शब्द आणि तीसचा आकडा टिकतील.

एक चूक जाणकारांकडूनही होते. पुष्कळ नव्या इंग्रजी भाषांतरांत २२:२० ला सरळ 'तीस वचने' असे छापलेले असते. तो बदल आमेनेमोपेची पोथी सापडल्यानंतर तिच्याच आधारे रूढ झाला. तेच भाषांतर वाचून 'बघा, इथेही तीस' असे म्हणणे म्हणजे आपणच ठेवलेली वस्तू आपणच शोधून काढणे. म्हणून निदान एक जुने, १९२३ च्या आधीचे भाषांतर शेजारी ठेवा. तशीच गत उलट बाजूने होते. पोथीचे भाषांतरकार कधीकधी बायबलाच्या ओळखीच्या भाषेत लिहितात आणि साम्य आहे त्याहून गडद दिसते.

प्रश्न : दहा आज्ञा 'मृतांच्या ग्रंथा'तील ४२ नकारांवरून घेतल्या का? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, सातारा)

त्या ग्रंथाच्या १२५ व्या प्रकरणात मेलेला माणूस सत्याच्या दालनात ४२ देवतांपुढे उभा राहून सांगतो: मी चोरी केली नाही, मी माणूस मारला नाही, मी खोटे बोललो नाही. काट्याच्या एका पारड्यात त्याचे हृदय, दुसऱ्यात सत्य-न्यायाची देवी मात हिचे पीस. या ४२ मध्ये 'मी चोरून ऐकले नाही', 'मी फार बडबड केली नाही', 'मी पाण्यात पाय टाकला नाही' अशीही विधाने आहेत. तक्तेवाले ४२ पैकी आठ-दहा निवडतात आणि बायबलाच्या क्रमाने लावतात. खून, चोरी, खोटी साक्ष यांना सगळेच समाज वाईट म्हणतात. एकच देव, मूर्तिनिषेध, शब्बाथ (सातव्या दिवसाचा विसावा) या ज्या आज्ञा खरोखर वेगळ्या आहेत, त्यांना इजिप्तमध्ये जोडी नाही.

रूपही वेगळे आहे. आज्ञा जिवंत माणसाला दिलेली असते. तिथे मेलेला माणूस स्वतःची निर्दोषता सांगतो. या रूपाशी खरे साम्य हवे असेल तर निर्गम २० सोडा आणि ईयोब ३१ उघडा. तिथे ईयोब एकामागून एक दोष घेऊन शपथेवर नाकारतो आणि सहाव्या वचनात म्हणतो की देवाने मला न्यायाच्या तराजूत तोलावे. हे साम्य फार कमी व्हिडिओंत येते, पण अभ्यास करायचा तर तो इथे करावा.

निर्गम २१ मधल्या कायद्यांचे जवळचे नातेवाईक तर पूर्वेला, मेसोपोटेमियात आहेत. मारक्या बैलाचे नियम (२१:२८-३६) बाबेलचा राजा हम्मुराबी याच्या संहितेतल्या २५० ते २५२ या कलमांशेजारी ठेवून पाहा. प्रलयकथेचेही तेच. सारे एकट्या इजिप्तमधून आले असे म्हणणाऱ्याला हा सगळा पुरावा बाजूला सारावा लागतो.

प्रश्न : 'आमेन' म्हणजे आमोन, 'अदोनाय' म्हणजे आतेन, 'इस्राएल' म्हणजे इसिस-रा-एल? (अनेक वाचक)

तिन्ही चूक. हिब्रू बायबलात आमोन देवाचे नाव स्वतंत्रपणे येते (यिर्मया ४६:२५, नहूम ३:८) आणि ते 'आमेन'पेक्षा वेगळे लिहिलेले आहे. 'अदोन' म्हणजे 'धनी' हा शब्द फिनिकी आणि उगारिती या भगिनी भाषांतही आहे, त्याला आतेनची गरज नाही. 'इसिस' हे ग्रीक रूप आहे. इजिप्तमध्ये त्या देवीला 'असेत'सारखे काही म्हणत, त्यामुळे तो जोडशब्द तीन भाषांचे तुकडे चिकटवल्याखेरीज तयारच होत नाही.

प्रश्न : हिब्रू अक्षरे चित्रलिपीतून आली हेही खोटेच का? (एक वाचक, फलटण)

हे मात्र खरे आहे. पेट्री यांना १९०५ साली सिनाईतल्या सेराबित अल-खादिम या पिरोजाच्या खाणींपाशी एक अनोळखी लिपी मिळाली. १९१६ मध्ये अ‍ॅलन गार्डिनर यांनी तिची किल्ली शोधली: चित्राचे सेमिटिक नाव घ्या आणि त्याचा पहिला आवाज तेवढा ठेवा. घराचे चित्र, घराला 'बेत', म्हणून 'ब'. पाण्याच्या लाटा, 'मेम', म्हणून 'म'. बैलाचे डोके 'आलेफ'. या रीतीने चार चिन्हे वाचली आणि 'बालत' हे देवीचे नाव मिळाले. ते देऊळ इजिप्शियन देवी हाथोरचे, आणि खाणीवर काम करणारे सेमिटिक लोक तिला 'बालत', म्हणजे 'स्वामिनी', म्हणत. चित्रे इजिप्तची, युक्ती सेमिटिकांची. फिनिकी, हिब्रू, ग्रीक लिपी याच वंशातल्या. पण हे लेख 'हिब्रू' आहेत, असा अलीकडचा दावा बहुतेक तज्ज्ञांनी मान्य केलेला नाही. लेख फार थोडे आणि त्रोटक आहेत. तेवढ्यावरून भाषा कनानी गटातली आहे, याहून नेमके सांगता येत नाही.

प्रश्न : मोशेचे पाचही ग्रंथ अलेक्झांड्रियाच्या ग्रंथालयात, ग्रीक काळात रचले गेले, असा एक सिद्धांत वाचला. त्यात तथ्य किती? (एक वाचक, वाई)

हा रसेल ग्मिर्किन यांचा, २००६ सालचा सिद्धांत. त्यांच्या मते इ.स.पू. २७३-२७२ च्या सुमारास यहुदी विद्वानांनी अलेक्झांड्रियात बेरोसस (बाबेलचा इतिहास लिहिणारा पुरोहित) आणि मनेथो यांचे ग्रंथ वापरून हे पंचग्रंथ लिहिले आणि त्याच सुमारास त्यांचे ग्रीक भाषांतर केले. वरच्या कल्पनांच्या तुलनेत हा अभ्यासू सिद्धांत आहे. त्याच्या बाजूने सर्वांत बळकट साक्ष नाईलमधल्या एलिफंटाइन बेटाची. तिथे इ.स.पू. पाचव्या शतकात यहुदी सैनिकांची वसाहत होती, त्यांचे स्वतःचे मंदिर होते. ते इ.स.पू. ४१० मध्ये पाडले गेले, तेव्हा तीन वर्षांनी त्यांनी यहूदाच्या सुभेदाराला अर्ज लिहिला. त्यांच्या अरामी कागदपत्रांत मोशेचे नाव नाही आणि नियमशास्त्रातले एक वचनही उद्धृत केलेले नाही.

तरी सिद्धांत टिकत नाही, मुख्यतः भाषेमुळे. इ.स.पू. तिसऱ्या शतकात ग्रीक शहरात बसून लिहिणाऱ्याच्या हातून ग्रीक आणि फारसी शब्द निसटायला हवेत. एस्तेर आणि एज्रा यांत फारसी शब्द भरपूर आहेत. दानीएल ३:५ मध्ये वाद्यांची ग्रीक नावे आहेत. पंचग्रंथांत ग्रीक शब्द नाही, आणि फारसी म्हणावा असा फक्त एक, तोही वादग्रस्त (अनुवाद ३३:२). उलट त्यांचे गद्य यहूदातल्या लाखीश शहरात सापडलेल्या पत्रांच्या, म्हणजे इ.स.पू. सहाव्या शतकाच्या आरंभीच्या हिब्रूशी जुळते. दुसरे, मृत समुद्राजवळच्या गुंडाळ्यांत निर्गम-लेवीय यांची एक प्रत अक्षरवळणावरून इ.स.पू. २५० च्या आसपासची धरतात. वीस-पंचवीस वर्षांत ग्रंथ रचून, मान्य होऊन, त्याच्या प्रती यहूदात पसराव्यात, ही घाई पटत नाही.

तिसरा पुरावा हातात मावणारा आहे. १९७९ मध्ये यरुशलेमजवळ केतेफ हिन्नोम येथे गाब्रिएल बारकाय यांना थडग्यात दोन चांदीच्या गुंडाळ्या मिळाल्या. मोठी उलगडल्यावर ९७ बाय २७ मिलिमीटर, लहान ३९ बाय ११. ताईत म्हणून गळ्यात घालायच्या. त्यांवर गणना ६:२४-२६ मधला याजकांचा आशीर्वाद कोरलेला आहे आणि काळ सुमारे इ.स.पू. ६००. याने सबंध ग्रंथ तेव्हा होता असे ठरत नाही, फक्त हा आशीर्वाद होता एवढेच ठरते.

प्रश्न : कराराचा कोश इजिप्शियन पेटीसारखा होता का? (एक सुतारकाम करणारे वाचक, मिरज)

कराराचा कोश म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवायची पवित्र पेटी. तिची घडण ओळखीची आहे. निर्गम २५:१० प्रमाणे लांबी अडीच हात, रुंदी आणि उंची दीड-दीड हात. हात सुमारे ४५ सेंटिमीटरचा धरला तर अंदाजे ११२ बाय ६७ बाय ६७ सेंटिमीटर. बाभळीच्या जातीचे लाकूड, आतबाहेर सोन्याचा पत्रा, चार कड्या आणि त्यांत कायम राहणारे दोन दांडे. तुतनखामेनच्या थडग्यात १९२२ नंतर निघालेल्या वस्तूंत दांड्यांवर वाहायची, मृतांचा देव अनुबिस याची पेटी आहे. तिच्यावर पाय पसरून बसलेला कोल्हा कोरलेला आहे. दांडे असलेली एक साधी पेटीही आहे. तिचे दांडे तळाखाली सरकवता येतात.

हा कोश ज्या तंबूत ठेवत त्या मंडपाचे साम्य याहून लक्ष वेधणारे आहे. इ.स.पू. १२७४ च्या कादेशच्या लढाईतली रामेसेस दुसऱ्याची छावणी अबू सिंबेलच्या भिंतीवर कोरलेली आहे: लांबी रुंदीच्या दुप्पट असलेले आवार, पूर्वेकडून प्रवेश, मध्ये लांबट तंबू, त्याच्या टोकाला चौरस खोली आणि तिथे राजाच्या नावाला दोन बाजूंनी पंखांनी झाकणारे ससाणे. निर्गमातले आवार १०० बाय ५० हात, मंडप ३० बाय १०, आतले परमपवित्रस्थान १० बाय १०, आणि कोशावर पंख पसरलेले दोन करूब (देवाचे पंखधारी सेवक). मात्र ही रचना ठाऊक असायला इजिप्तमध्ये राहिलेले असणे आवश्यक नाही. इजिप्तच्या फौजा तीन शतकांहून अधिक काळ कनानात होत्या, बेथशानला त्यांचे ठाणे होते, आणि राजाचा तंबू कसा उभारतात हे तिथल्या लोकांनी आपल्याच रानात पाहिले असेल.